उतरणीची बखर

दिल्लीत तीनमूर्ती भवनाच्या आवारात जे नेहरू तारांगण आहे, तेथे घंटेच्या आकाराची एक धातूची कुपी मांडून ठेवलेली आहे. तिचे अंग करपून काळेतपकिरी पडले आहे. वर्षानुवर्षे चुलीवर चढलेल्या हंड्याच्या बुडाला जो रंग येतो, तोच काहीसा तिचा रंग. ११ एप्रिल १९८४ रोजी स्क्वाड्रन लीडर राकेश शर्मा आणि त्यांचे दोन सोव्हिएत सहकारी याच कुपीत बसून अंतराळातून कझाकस्तानच्या गवताळ माळावर उतरले. अंतराळप्रवासाचा इतिहास सांगताना आपण सहसा आरोहणाच्या तारखा सांगतो. कोण प्रथम वर गेला, कोण प्रथम बाहेर तरंगला, कोणाचा झेंडा आधी लागला, यांची यादी शाळकरी मुलांनाही तोंडपाठ असते. परंतु त्या करपलेल्या धातूसमोर उभे राहिले की वाटते, सोव्हिएत संघाच्या या प्रचंड उद्योगाचा खरा इतिहास वर जाण्याचा नसून खाली येण्याचा आहे. त्यातील विजय, अपघात, लपवाछपवी आणि त्यातून मिळालेले शहाणपण हे सारे उतरणीच्या त्या अखेरच्या अर्ध्या तासात साठलेले आहे.

उतरण्याची अडचण मुळात कोणती, हे आधी सांगितले पाहिजे. पृथ्वीभोवती फिरणारे यान ताशी सुमारे अठ्ठावीस हजार किलोमीटर वेगाने धावत असते. ते खाली आणण्यासाठी हा सगळा वेग मारावा लागत नाही. जेमतेम दोन टक्के वेग वजा केला तरी यानाचा मार्ग वाकून वातावरणात शिरतो आणि उरलेले काम हवा करते. पण ते दोन टक्के नेमक्या दिशेने वजा झाले पाहिजेत. यानाचे तोंड भलतीकडे असताना गतिरोधक अग्निबाण पेटला, तर यान खाली येण्याऐवजी अधिक उंच कक्षेत जाऊन बसते. पुढे वातावरणात शिरल्यावर कुपीसमोरची हवा दाबली जाऊन इतकी तापते की कुपीभोवती ज्वाळांचे वेष्टण तयार होते आणि तेवढा वेळ जमिनीशी असलेला संपर्कही तुटतो. त्यानंतर हवाईछत्री उघडावी लागते, आणि ती उघडली नाही तर आधीचे सारे निर्विघ्न पार पडलेले व्यर्थ. या साखळीतील एक कडी निसटली तरी पुढच्या कड्यांचा उपयोग नसतो.

ज्या पुरुषाने ही साखळी प्रथम जोडली, त्याचे नाव त्याच्या हयातीत जगाला कळू दिले गेले नाही. सर्गेई कोरोल्योव्ह हा १९०७ साली झितोमिर येथे जन्मलेला अभियंता. १९३८ साली स्टालिनच्या अमदानीतील धरपकडीत तो पकडला गेला. तुरुंगात त्याला मारहाण झाली आणि पुढे अतिपूर्वेकडील कोलिमाच्या सोन्याच्या खाणीत त्याला वेठीस लावण्यात आले, जेथे रक्तपित्ताच्या विकाराने त्याचे दात गेले. १९४४ साली सुटका झालेला हा माणूस दोन वर्षांतच अग्निबाणांच्या कामाचा एक प्रमुख झाला, आणि सरकारी लिखाणात त्याचा उल्लेख ‘मुख्य रचनाकार’ एवढ्याच बिरुदाने होऊ लागला. ज्या ठिकाणाहून त्याचे अग्निबाण उडत, त्या ठिकाणाचे नावही खोटे होते. तळ उभारला गेला तो कझाकस्तानात त्युराताम या रेल्वेच्या लहानशा ठाण्याजवळ. जाहीर केले गेले ते तेथून तीनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या बैकोनूर या खाणगावाचे नाव. शत्रूने भलतीकडे शोध घ्यावा, ही त्यामागची मसलत.

४ ऑक्टोबर १९५७ रोजी ८३.६ किलो वजनाचा स्पुटनिक कक्षेत गेला आणि महिन्याभरात, ३ नोव्हेंबरला, दुसऱ्या स्पुटनिकातून लायका नावाची कुत्री गेली. तिला परत आणण्याची तजवीजच केलेली नव्हती. इतक्या घाईत ती करणे शक्यही नव्हते. अभिमन्यूला निदान एवढे ठाऊक होते की व्यूहातून बाहेर पडण्याची विद्या आपणास येत नाही. या मुक्या जिवाला तेवढेही ठाऊक नव्हते. ती आठवडाभर जगली आणि मग तिला वेदनारहित मरण आले, असे सांगण्यात आले. वस्तुतः ती काही तासांतच उष्म्याने मेली होती, आणि ही गोष्ट उघड व्हायला पंचेचाळीस वर्षे लागली.

परत आणण्याची विद्या हस्तगत करण्यासाठी पुढची तीन वर्षे गेली, आणि तिचा हिशेब मोठा कठोर आहे. मे १९६० मध्ये सोडलेल्या पहिल्या रिकाम्या यानाची दिशा चुकली, आणि खाली यायचे ते अधिक वर गेले. जुलैत अग्निबाणच फुटला व त्यातील दोन कुत्र्या मेल्या. १९ ऑगस्टला बेल्का आणि स्त्रेल्का या दोन कुत्र्या वर गेल्या आणि दुसऱ्या दिवशी सुखरूप उतरल्या. कक्षेत जाऊन जिवंत परतलेले हे पहिले जीव. पण डिसेंबरच्या पहिल्या तारखेला गेलेल्या प्चोल्का आणि मुश्का यांच्या यानाचा गतिरोधक अग्निबाण नीट चालला नाही. कुपी परमुलखात पडून तिचे रहस्य परक्यांच्या हाती लागेल, या भीतीने तीत बसवलेल्या स्फोटकाने तिचा नाश केला. त्याच महिन्याच्या अखेरीस आणखी एक यान कक्षेत न पोचता सैबेरियाच्या बर्फात पडले, आणि त्यातील कुत्र्या हाडे गोठवणाऱ्या थंडीतही जिवंत सापडल्या. १९६१ च्या मार्चमधील दोन उड्डाणे मात्र निर्दोष झाली. एकूण सात प्रयत्नांपैकी तीन पूर्णपणे यशस्वी, आणि त्यातील शेवटचा २५ मार्चचा. त्यानंतर अठराव्या दिवशी माणूस गेला.

त्या माणसासाठी बनवलेले वोस्तोक यान म्हणजे एक गोळा आणि त्यामागे जोडलेला यंत्रविभाग. गोळ्याचा व्यास सुमारे २.३ मीटर. कॉन्स्तान्तिन फेओक्तिस्तोव्ह या अभियंत्याने गोळ्याचाच आग्रह धरला, त्यामागचा विचार साधा होता: गोळा कोणत्याही बाजूने हवेत शिरला तरी त्याचे वर्तन सारखेच राहते, आणि त्याच्या एका बाजूला वजन अधिक ठेवले की तो बुडजड बाहुलीप्रमाणे आपोआप नीट वळतो. या साधेपणाची किंमत मात्र आतल्या माणसाला मोजावी लागे. गोळा दगडासारखा पडत असल्यामुळे उतरताना शरीरावर स्वतःच्या वजनाच्या आठ ते दहा पट भार येई. शिवाय छत्री लावूनही गोळा जमिनीवर इतक्या जोराने आदळे की आतला माणूस वाचण्याची खात्री नव्हती. म्हणून सुमारे सात किलोमीटर उंचीवर झाकण उडवून माणसाला आसनासह बाहेर फेकण्याची आणि त्याने स्वतंत्र छत्रीने उतरण्याची योजना होती. गतिरोधक अग्निबाण एकच होता, त्याला जोड नव्हता. तो पेटलाच नाही तर विरळ हवेच्या घर्षणाने यान आपोआप खाली यावे, इतकी कक्षा खालची ठेवली होती आणि आत दहा दिवसांचा शिधा भरला होता.

यूरी गागारिन हा स्मोलेन्स्क प्रांतातील क्लुशिनो गावच्या सुताराचा मुलगा. महायुद्धात जर्मनांनी घर बळकावले तेव्हा हे कुटुंब परसातल्या भुयारवजा खोपटात राहिले होते. पुढे तो ओतकाम शिकला, आणि व्होल्गाकाठच्या सारातोव्ह शहरात तंत्रशाळेत असताना तेथल्या हवाई मंडळात त्याने विमान चालवायला आरंभ केला. १० एप्रिल १९६१ रोजी, म्हणजे उड्डाणाच्या दोन दिवस आधी, त्याने पत्नी वालेन्तिना हिला एक पत्र लिहिले. यंत्रावर आपला पूर्ण विश्वास आहे, तरीही काही विपरीत घडलेच तर मुलींना कसे वाढवावे, अशा आशयाचे ते पत्र होते. ते तिच्या हाती पडले ते सात वर्षांनी, विमान अपघातात गागारिन गेल्यावर. सरकारनेही आपल्या परीने तयारी ठेवली होती. तास या वृत्तसंस्थेकडे तीन मोहोरबंद खलिते आधीच पाठवलेले होते: पहिला यशाच्या घोषणेचा, दुसरा यान परक्या मुलखात किंवा समुद्रात उतरल्यास साहाय्याची विनंती करणारा, आणि तिसरा मृत्यूच्या वार्तेचा.

१२ एप्रिलला मॉस्कोच्या घड्याळात नऊ वाजून सात मिनिटांनी यान सुटले. अग्निबाणाचे एंजिन ठरलेल्या क्षणाहून उशिरा बंद झाले, त्यामुळे यान ठरल्याहून बरेच उंच, ३२७ किलोमीटरपर्यंत गेले, आणि दहा दिवसांत आपोआप खाली येण्याचा जो आधार होता तो नाहीसा झाला. आता सारी भिस्त त्या एकट्या गतिरोधक अग्निबाणावर. आफ्रिका खंडावर असताना तो पेटला आणि नीट चाललाही. परंतु त्यानंतर लगेच गोळा व यंत्रविभाग एकमेकांपासून सुटायचे होते ते सुटले नाहीत. तारांच्या जुडग्याने दोन्ही एकमेकांना बांधलेले राहिले आणि ही जोडगोळी गरगर फिरू लागली. गागारिनला खिडकीतून कधी पृथ्वी दिसे, कधी काळे आकाश, तर कधी डोळ्यांवर सूर्य येई. सुमारे दहा मिनिटे हा प्रकार चालला. अखेर वातावरणाच्या उष्णतेनेच त्या तारा जळाल्या आणि गोळा मोकळा झाला. या दहा मिनिटांत त्याने खाली सर्व ठीक असल्याचाच संकेत पाठवला. घाबरवण्याजोगे काही नाही, असे त्याने मनाशी हिशेब करून ठरवले होते. उतरल्यावर त्याने या प्रसंगाची सविस्तर कैफियत दिली, ती दप्तरात बंद झाली आणि तिला उजेड दिसायला तीस वर्षे जावी लागली.

मग झाकण उडाले, आसनासह तो बाहेर फेकला गेला, आणि नारिंगी पोशाखातला तो सत्तावीस वर्षांचा तरुण छत्रीला लोंबकळत खाली पाहू लागला, तेव्हा त्याला व्होल्गा ओळखू आली. जेथे तो विमान चालवायला शिकला त्याच सारातोव्ह परिसरात, स्मेलोव्हका गावाजवळच्या नांगरलेल्या शेतात तो उतरला. शेतात बटाटे लावत असलेली एक बाई आणि तिची लहान नात हा आकाशातून आलेला प्राणी पाहून मागे सरल्या. आपण आपल्यातलेच, सोव्हिएतच आहोत, असे त्याने ओरडून सांगितले तेव्हा त्या थांबल्या. त्याच्या शिरस्त्राणावर देशाची आद्याक्षरे ठळक रंगवली होती, त्यालाही कारण होते: आदल्याच वर्षी पॉवर्स या अमेरिकन हेर वैमानिकाचे विमान सोव्हिएत हद्दीत पाडले गेले होते, आणि लोकांनी गागारिनलाही हेर समजू नये, अशी ती खबरदारी होती. पृथ्वीवर माणूस आणि यान वेगवेगळे उतरले, ही गोष्ट मात्र जगाला सांगितली गेली नाही. विक्रम नोंदवणाऱ्या आंतरराष्ट्रीय हवाई महासंघाच्या नियमाप्रमाणे वैमानिकाने यानातच उतरायला हवे होते. म्हणून कागदोपत्री तो यानातच उतरला. मला हे लपवणे अनाठायी वाटते. छत्रीने उतरल्यामुळे त्या प्रवासाचे मोल तिळमात्र कमी होत नव्हते. पण सत्तेला एकदा परिपूर्णतेचा सोस लागला की तिला साधे सत्यही अडचणीचे होते. त्याच वर्षाच्या अखेरीस गागारिन हिंदुस्थानात आला, मुंबईतही त्याचे उत्साहाने स्वागत झाले. त्याच्या त्या प्रसिद्ध हास्यामागे किती गोष्टी न बोलण्याची शपथ होती, याची कोणाला कल्पना असणार?

पुढची उड्डाणे एकामागून एक झाली. ऑगस्ट १९६१ मध्ये तितोव्ह नावाचा अंतराळवीर पूर्ण दिवसभर वर राहिला, १९६२ साली दोन याने एकाच वेळी कक्षेत फिरली, आणि १६ जून १९६३ रोजी यारोस्लाव्हलच्या कापडगिरणीत काम केलेली वालेन्तिना तेरेश्कोव्हा ही अंतराळात जाणारी पहिली स्त्री ठरली. तिच्या यानातही उतरणीचाच घोटाळा होता. दिशा ठरवणारी सूचना उलटी भरली गेली होती. तशीच ठेवली असती तर अग्निबाण पेटताच यान खाली येण्याऐवजी वर गेले असते. तिने ते ओळखून जमिनीवर कळवले आणि नव्या आकड्यांनी चूक दुरुस्त झाली. कोरोल्योव्हने तिला ही गोष्ट कोठे बोलू नको अशी विनंती केली, आणि तिने ती कित्येक दशके पाळली. त्या काळात तिच्या कर्तबगारीविषयी कुजबुज करणारे पुष्कळ निघाले. तिच्या जिवावर बेतलेली चूक दुसऱ्याची होती, हे मात्र ती त्यांना सांगू शकत नव्हती.

यानंतरचा प्रसंग मला या साऱ्या इतिहासातील सर्वांत घातक वळणाचा वाटतो, जरी त्या दिवशी कोणालाही इजा झाली नाही. अमेरिकेचे दोन माणसांचे यान तयार होत होते, तेव्हा त्याआधी तीन माणसे पाठवावीत असा आग्रह वरून आला. तीन माणसे बसतील असे नवे यान तर तयार नव्हते. म्हणून वोस्तोकच्याच गोळ्यातून बाहेर फेकणारे आसन काढून टाकले, तीन साधी आसने दाटीने बसवली, आणि जागा पुरेना म्हणून अंतराळवीरांचे दाबयुक्त पोशाखही काढून टाकले. १२ ऑक्टोबर १९६४ रोजी कोमारोव्ह, फेओक्तिस्तोव्ह आणि येगोरोव्ह हे तिघे साध्या लोकरी कपड्यांत वोस्खोद यानातून वर गेले. गोळा जमिनीला टेकण्याआधी धक्का सोसणारा लहान अग्निबाण आता लावला होता, एवढी सुधारणा खरी. पण आरोहणाच्या वेळी काही बिघडले तर सुटकेचा मार्ग नव्हता, आणि कुपीतील हवा निसटली तर अंगावर काही नव्हते. ते दिवसभराने सुखरूप परतले. मधल्या काळात ज्या सोव्हिएत सत्ताधीश क्रुश्चेव्हने त्यांना निरोप दिला होता तोच पदच्युत झालेला होता. परंतु पोशाखावाचून चालते, हा समज त्या दिवशी रूढ झाला, आणि त्याचे व्याज सात वर्षांनी वसूल झाले.

मार्च १९६५ मध्ये अलेक्सेई लिओनोव्ह हा यानाबाहेर पडणारा पहिला माणूस ठरला. बारा मिनिटे तो अंतराळात तरंगला, पोशाख फुगून ताठ झाल्यामुळे आत शिरता येईना तेव्हा त्याने स्वतःच्या पोशाखातील दाब कमी करून कसेबसे आत शिरून घेतले, हे सर्वश्रुत आहे. पण परतीची कथा तितकीच विलक्षण आहे. स्वयंचलित यंत्रणा बिघडल्यामुळे लिओनोव्हचा सहकारी बेल्यायेव्ह याला यान हाताने वळवावे लागले. अरुंद गोळ्यात आसनावरून आडवे होऊन खालच्या खिडकीतून दिशा पाहायची आणि पुन्हा जागेवर येऊन अग्निबाण पेटवायचा, यात जे काही सेकंद गेले त्यामुळे ते ठरल्या जागेपासून ३८६ किलोमीटर दूर, पेर्म प्रांतातील घनदाट सूचिपर्णी अरण्यात पडले. कमरेहून खोल बर्फ, झाडांच्या गर्दीत अडकलेली छत्री, आणि विमानांना उतरायला जागा नाही. पहिली रात्र त्या दोघांनी कुपीतच कुडकुडत काढली. दुसऱ्या रात्री स्कीवरून आलेल्या मदतनिसांनी लाकडे तोडून शेकोटी केली. तिसऱ्या दिवशी सारे स्कीवरूनच हेलिकॉप्टरपर्यंत गेले. पुढे अंतराळवीरांच्या सामानात तीन नळ्यांचे एक खास पिस्तूल ठेवले जाऊ लागले, ते याच अनुभवातून. तारकांच्या वाटेने जाणाऱ्यांना रानातल्या श्वापदांचाही बंदोबस्त करावा लागतो, हे तेव्हा कळले.

१४ जानेवारी १९६६ रोजी कोरोल्योव्ह शस्त्रक्रियेच्या टेबलावरच मरण पावला. तुरुंगवासात त्याचा जबडा मोडला होता, त्यामुळे श्वासनलिकेत नळी घालणे डॉक्टरांना कठीण गेले, असे सांगतात. त्यानंतर दोन दिवसांनी ‘प्रावदा’त त्याचे छायाचित्र आणि नाव छापून आले, आणि आपल्याला अंतराळात नेणारा हा होता, हे त्याच्या देशबांधवांना प्रथम कळले.

त्याच्या पश्चात कारभार वासिली मिशिन याच्याकडे आला, आणि त्याबरोबरच सोयूझ हे नवे यान. गोळ्याऐवजी घंटेचा आकार घेतला होता, त्यामुळे कुपी नुसती पडत नसे तर थोडी तरंगत उतरे आणि आतल्या माणसावरचा भार तीन-चार पटींवर येई. रचना उत्तम होती; पण ती पक्व व्हायला वेळ हवा होता. माणसाविना सोडलेल्या पहिल्या यानाचा नोव्हेंबर १९६६ मध्ये उतरणीतच नाश झाला, दुसऱ्याच्या वेळी डिसेंबरात तळावरच स्फोट झाला, आणि फेब्रुवारी १९६७ मधील तिसऱ्याचे उष्णतारोधक आवरण भोक पडून जळाले व कुपी अरल समुद्राच्या बर्फातून खाली बुडाली. ज्या यानाची एकही चाचणी यशस्वी झालेली नव्हती, त्यात २३ एप्रिल १९६७ रोजी व्लादिमिर कोमारोव्ह बसला. क्रांतीचे पन्नासावे वर्ष होते आणि मे दिन तोंडावर आला होता. कोमारोव्हचा राखीव गडी होता गागारिन.

वर जाताच डावीकडचा सौरपंख उघडला नाही, आणि यानाला वीज पुरेना. दुसरे यान पाठवून जोडणी करण्याचा बेत रद्द झाला, आणि कोमारोव्हने हाताने दिशा धरून यान वातावरणात अचूक आणले. ही कामगिरी त्याच्या कौशल्याची साक्ष आहे. मग लहान छत्री उघडली, पण तिच्या ओढीने मोठी छत्री आपल्या पेटीतून बाहेर निघेना. राखीव छत्री सोडली ती त्या लहान छत्रीत गुरफटली. २४ एप्रिलच्या सकाळी ओरेनबुर्ग प्रांतात कुपी जमिनीवर आदळली आणि तिने पेट घेतला. पाठोपाठ जायच्या दुसऱ्या यानातही तीच छत्री तशाच पेटीत होती. ते उडाले असते तर आणखी तीन माणसे त्याच रीतीने गेली असती.

जानेवारी १९६९ मध्ये बोरिस वोलिनोव्ह याची कुपी तर यंत्रविभाग सुटला नाही म्हणून उलटी, म्हणजे झाकणाची बाजू पुढे करून वातावरणात शिरली. झाकणाभोवतीची पट्टी जळून आत धूर येऊ लागला तोच जोडणी तुटली आणि कुपी सुलटी झाली. जमिनीवर इतकी आदळली की त्याचे दात मोडले. ही हकीकतही वर्षानुवर्षे गुप्त राहिली. चंद्रावर जाण्यासाठी बांधलेला एन-१ हा अजस्र अग्निबाण चार वेळा उडवला गेला आणि चारही वेळा फुटला. चंद्राची शर्यत संपली, आणि सोव्हिएत उद्योगाने कक्षेतच वस्ती करण्याचे ठरवले.

त्या वस्तीचे पहिले घर म्हणजे साल्यूत स्थानक. ६ जून १९७१ रोजी त्याकडे निघालेले तिघे मुळात राखीव होते. मूळ तिघांपैकी कुबासोव्हच्या फुप्फुसावर क्ष-किरण चित्रात डाग दिसला, म्हणून निघण्याच्या अवघ्या तीन दिवस आधी सबंध तुकडी बदलली, आणि लिओनोव्हऐवजी गेओर्गी दोब्रोव्होल्स्की, सोबत व्लादिस्लाव वोल्कोव्ह व विक्तोर पात्सायेव्ह गेले. तीन आठवडे ते स्थानकात राहिले. रोज संध्याकाळी घराघरांतल्या दूरदर्शन संचावर ते दिसत. पात्सायेव्हचा अडतिसावा वाढदिवस त्यांनी तेथेच साजरा केला. लोकांना ते घरचे वाटू लागले होते.

परतीच्या वेळी यानाचे भाग एकमेकांपासून सुटले ते बरोबर सुटले. पण ते सोडवणारे स्फोटक खिळे एकदम उडाले, आणि त्या धक्क्याने एक लहानशी झडप उघडली. खाली चार किलोमीटरवर आल्यानंतर बाहेरची हवा आत घेण्यासाठी ती होती. उघडली ती १६८ किलोमीटरवर. कुपीतील हवा दोन मिनिटांच्या आत निघून गेली. झडप हाताने बंद करता येत असे, पण ती आसनाच्या आड होती आणि बंद व्हायला लागणारा वेळ शुद्धीवर राहण्याच्या वेळेहून अधिक होता. त्यांनी प्रयत्न केला होता, हे नंतर दिसून आले. अंगावर पोशाख नव्हते. तिघे बसायचे तर पोशाखांना जागा नव्हती, आणि १९६४ पासून ते चालतच आले होते. एवढे होऊनही यंत्राने आपले काम चोख केले. छत्री वेळेवर उघडली, जमिनीजवळ अग्निबाण पेटले, आणि कुपी कझाकस्तानच्या माळावर अलगद उतरली. मदतनीस धावत गेले, त्यांनी कुपीवर थाप मारली, आतून उत्तर आले नाही. झाकण उघडले तेव्हा तिघे आपापल्या आसनांवर होते, अंगे अजून गरम होती. माळावरच त्यांना झोपवून श्वास देण्याचा प्रयत्न पुष्कळ वेळ झाला. त्यांच्या अंत्ययात्रेत अमेरिकन अंतराळवीर टॉम स्टॅफर्ड यानेही खांदा दिला.

त्यानंतर दोन वर्षांहून अधिक काळ माणूस वर गेला नाही. १९७३ च्या सप्टेंबरात पुन्हा उड्डाण झाले तेव्हा यानात दोघेच होते, आणि त्यांच्या अंगावर ‘सोकोल’ नावाचा हलका दाबयुक्त पोशाख होता. तिसऱ्या माणसाची जागा पोशाखांच्या हवेच्या साधनांनी घेतली होती. हा मला या उद्योगाचा सर्वांत मोठा निर्णय वाटतो. एक माणूस कमी न्यावा पण नेलेले सारे परत आणावेत, असे ठरवणे शर्यतीच्या काळात सोपे नसते. संकटे त्यानंतरही आली. एप्रिल १९७५ मध्ये लाझारेव्ह आणि माकारोव्ह यांचा अग्निबाण वाटेत बिघडला, शरीरावर वीस पटींहून अधिक भार सोसत ते अल्ताय पर्वताच्या बर्फाळ उतारावर पडले आणि कड्याकडे घसरू लागले. छत्री झाडाझुडपांत अडकली म्हणून थांबले. ऑक्टोबर १९७६ मध्ये एक कुपी रात्रीच्या वेळी तेंगिझ या अर्धवट गोठलेल्या खाऱ्या सरोवरात पडली, भिजलेल्या छत्रीने तिला आडवे केले, आणि सकाळी हेलिकॉप्टरने तिला ओढत काठावर आणले. दोन्ही वेळा माणसे वाचली.

तीन पोशाखधारी माणसे मावतील असे सुधारलेले सोयूझ यान १९८० साली वापरात आले. २६ सप्टेंबर १९८३ रोजी तळावर अग्निबाणाच्या पायथ्याशी आग लागली, तेव्हा स्फोट होण्याच्या काही सेकंद आधी वरच्या सुटका-अग्निबाणाने कुपी खेचून काढली आणि सुमारे चार किलोमीटरवर उतरवली. आत व्लादिमिर तितोव्ह (१९६१ सालचा तितोव्ह नव्हे) होता आणि गेन्नादी स्त्रेकालोव्ह होता. त्यानंतर सहाच महिन्यांनी, ३ एप्रिल १९८४ रोजी, हाच स्त्रेकालोव्ह पुन्हा सोयूझमध्ये बसला. कप्तान यूरी मालिशेव्ह, आणि तिसऱ्या आसनावर राकेश शर्मा. त्यांच्याबरोबर तयारी केलेले रवीश मल्होत्रा राखीव होते. साल्यूत-७ वर आठवडाभर योगासनांचे प्रयोग झाले, हिंदुस्थानच्या भूमीची छायाचित्रे घेतली गेली, पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्याशी झालेले ते संभाषण सर्वांना ठाऊक आहे. परतीसाठी या तिघांना स्थानकाशी आधीपासून जोडलेले जुने यान घ्यायचे होते, आणि आपले ताजे यान तेथे राहणाऱ्यांसाठी ठेवायचे होते.

११ एप्रिलला ते त्या यानात शिरले. तिघांनी सोकोल पोशाखांची शिरस्त्राणे बंद केली. भाग सुटले, झडप बंदच राहिली, कुपी जळत वातावरणातून आली, मोठी छत्री उघडली, आणि आर्कालिकच्या आसपासच्या माळावर ती टेकली. बाहेरून झाकण उघडले गेले तेव्हा तिघेही जिवंत होते. दिल्लीच्या त्या तारांगणात कुपीबरोबर शर्मा यांचा तो पोशाखही ठेवलेला आहे.